दरवाढीचे बैल

विश्रांतवाडीतली आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे पूर्वी दत्तोबा ज्वारी पेरायचे. जमीन बिल्डरला दिल्यावर त्यांच्याकडे कुंपणापलीकडचं घर, मागचा गोठा आणि एक खिलार बैलजोडी उरली. शेत नाही मग बैल कशाला, असं विचारलं की त्यांची बायको मथुराबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आंदोलनाला लागत्यात."

ते खरंच होतं. पेट्रोल महागलं की विरोधी पक्षाला बैलगाडी हवी असायची. पुढारी गाडीत उभे, कार्यकर्ते खाली घोषणा देत, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आमच्या भागात बैलगाडी एकट्या दत्तोबांकडे उरली होती. इथले पुढारी सुखदेवअण्णा तेव्हा विरोधात होते, म्हणून ते न्यायचे. पुढे अण्णांचंच सरकार आलं, पेट्रोल वाढायचं थांबलं नाही, आणि अण्णांचे विरोधक त्याच दारात येऊन उभे राहिले. दत्तोबांनी त्यांनाही गाडी दिली.

"तुम्ही नक्की कुठल्या पक्षाचे?" मी एकदा विचारलं.

"दरवाढीच्या इरोधातला," ते म्हणाले.

अण्णा अजून विरोधात होते तेव्हाची गोष्ट. मी पंपावर स्कूटर घेऊन रांगेत होते. पुढे एका टेम्पोत दत्तोबांची जोडी शांतपणे रवंथ करत उभी होती, मागच्या टेम्पोत गाडी. पुलावर बैलगाडी सोडत नाहीत, म्हणून मोर्चापर्यंत असा प्रवास. टेम्पोवर फलक होता, 'डिझेल दरवाढ मागे घ्या'. आणि टेम्पोत डिझेल भरणं चाललं होतं. मला हसू आवरेना. दत्तोबा हसले नाहीत.

"चालत गेले असते की," ते म्हणाले. "बैलांला कुटं घाई हाय?"

त्या दिवशी अण्णांनी झकास भाषण ठोकलं. तेल संपत आलंय, उद्या मोटारी दारात उभ्या राहतील आणि हीच बैलगाडी कामाला येईल, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोटारसायकली काढून घरी गेले. दत्तोबांनी मात्र ते भाषण शब्दन् शब्द खरं मानलं. भाषण खरं मानायचं नसतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात हजर. मी कॉलेजात पर्यावरण शिकवते. सक्तीचा विषय आहे, त्यामुळे वर्गात कुणी ऐकत नाही.

"म्याडम, तेल संपणार हाय का?"

"संपणार."

"कवा?"

इथेच माझी पंचाईत झाली. मी शिकत असताना पुस्तकात लिहिलं होतं, तीसेक वर्षांत. आता मी शिकवते त्या पुस्तकातही साधारण तेवढंच लिहिलंय. मी तसं सांगून टाकलं.

"म्हंजी घटतंय का वाढतंय?"

मग मी त्यांना हवा, धूर, उन्हाळा सगळं समजावलं. तेल शिल्लक असलं तरी ते जाळणं आधीच कमी करायला हवं, असं मी म्हणाले.

"हाय तवाच सोडायचं?"

"हो."

"मंग म्हाग झालं तर बरंच की. लोक कमी जाळतील. आपुन निषेध कशाचा करतोय?"

मला उगाचच त्यांचा राग आला. मी चहा टाकला.

दत्तोबांचे बैल थकले होते. ती जोडी गेली की गोठा मोकळा होईल, असा दत्तोबांच्या मुलाचा, पियुषचा हिशेब होता. तो खराडीला आयटी कंपनीत, नवी मोटार बुक केलेली. आणि दत्तोबा चाकणच्या बाजारातून तरणी जोडी घेऊन आले, पाखऱ्या आणि हरण्या. तेल संपल्यावर बैल मिळायचे नाहीत, म्हणून आधीच. पियुष कितीतरी दिवस बापाशी बोलला नाही. त्याने मोटार आणली आणि रस्त्यावर लावली.

काही वर्षांनी सोसायटीची सभा झाली. पर्यावरण दिनाच्या फेरीत पुढे बैलगाडी असावी, असा ठराव अध्यक्ष प्रेमलाताईंनी मांडला. एकमताने मंजूर. पुढचा विषय, गोठ्याच्या वासाबद्दल महापालिकेत तक्रार. तेच हात पुन्हा वर झाले. मी उभी राहून विरोध केला, तर इतिवृत्तात 'एक सभासद तटस्थ' असं आलं.

नोटीस आली. दत्तोबा आधी अण्णांकडे गेले. अण्णा आता सत्तेत होते. "दत्तोबा, शहरात बैल शोभत नाहीत आता," ते म्हणाले. "आणि तुमची गाडी कुणाकुणाकडे जाते, ते दिसतं आम्हाला." मग विरोधकांकडे गेले. त्यांनी बैलांसाठी आंदोलन करायचं कबूल केलं, फक्त पेट्रोल जरा वाढू द्या म्हणाले.

पेट्रोल नेमकं तेव्हाच वाढलं नाही. जोडी मथुराबाईंच्या भावाने जुन्नरला नेली. टेम्पोनेच. दत्तोबा सिग्नलपर्यंत टेम्पोमागे चालत गेले आणि दिवा हिरवा झाल्यावर तिथेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात दरवाढ झाली. कार्यकर्ते आले, बैल नाहीत म्हटल्यावर नुसती गाडी घेऊन गेले. जुवाला स्वतःच लागले आणि ओढत निघाले. फोटो पूर्वीपेक्षा मोठा आला.

पियुषने गोठ्यात फरशी घातली. गवंडी बैलांच्या चाऱ्याची गव्हाण फोडायला लागला, तेव्हा दत्तोबा तिच्यात जाऊन बसले.

"आबा, उठा," पियुष म्हणाला. "बैल गेले, आता काय करायचीय ती?"

"तेल ऱ्हाणार का जाणार, ते कुणीतरी एकदा नक्की सांगा. मंग फोडा."

गव्हाण राहिली. पियुष आता गोठ्यात मोटार लावतो, तिचं तोंड बरोबर गव्हाणीशी येतं. दत्तोबा रोज सकाळी गव्हाण झाडून घेतात. मी कॉलेजला निघाले की झाडू हातात धरूनच विचारतात, "कळलं का काय?"

मी नाही म्हणते आणि स्कूटर सुरू करते.