खोक्यातला कागद

"दार लावायचं नाही."

मॅडम संडासाच्या तोंडाशी उभी. हातात प्लास्टिकचे कप, कपांवर स्केचपेनने आमची नावं. आम्ही नऊ जणी रांगेत. मी चौथी.

कोलशेतच्या त्या औषधाच्या कंपनीत सगळ्यांनाच ब्रेक असायचा. सहा महिने काम, आठ दिवस घरी, मग पुन्हा नवीन कामगार म्हणून भरती. कोणी पर्मनंट व्हायला नको ना. भरतीच्या दिवशी पुरुषांनी फक्त फॉर्म भरायचा. आम्ही बायकांनी मुतून दाखवायचं. पोटुशी निघाली की ती घरी.

"तुम्हा लोकांचा भरवसा नाही. एकीच्या नावावर दुसरी देते," मॅडम म्हणाली. आमच्या भल्यासाठी नेमलेली बाई होती ती. वेल्फेअर ऑफिसर. नौपाड्यात राहायची, शुद्ध बोलायची आणि आमचे कप रुमालाने धरायची.

दार उघडं असलं की लघवी होत नाही. सगळं अंग आखडतं. बाहेर आठ जणी ऐकतायत. मी नळ सोडला तर मॅडम ओरडली, "नळ बंद कर!" शेवटी डोळे मिटून कसाबसा अर्धा कप भरला. तो हातात घेऊन बाहेर आले तेव्हा वर बघायची लाज वाटली. लाज तिला वाटायला हवी होती, हे कळायला मला महिना लागला.

घरच्या घरी करायची ती तपासणी तेव्हा नवीनच निघालेली. नव्वदच्या पुढची गोष्ट. छोट्या खोक्यात एक पट्टी, एक ड्रॉपर, एक कागद. पट्टीवर तीन थेंब टाकायचे. एक रेघ आली तर कामावर, दोन आल्या तर गेटबाहेर. मॅडम खोकं फोडायची आणि कागद न उघडताच टाकून द्यायची.

आमचेही उपाय होते. सकाळी दोन तांबे पाणी ढोसायचं, मग दुसरी रेघ उमटत नाही, असं जुन्या बायका सांगायच्या. त्या दिवशी मीही प्यायलेले. माझी पाळी यायला अजून पाच दिवस होते, भीती कसलीच नव्हती. सगळ्या पितात म्हणून प्यायले.

एक रेघ आली. मी कामावर लागले.

माझं काम घड्या घालायचं. खोकल्याच्या औषधाबरोबर माहितीचा कागद जातो, त्याच्या चार घड्या, मग बाटलीसोबत खोक्यात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. एक कागद चुकला तर सुपरवायझर अख्खी पेटी उघडायला लावायचा, म्हणून जमिनीवर कागद दिसला की हात आपोआप खाली जायचा. हजारो कागद हाताखालून गेले. वाचला एकही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात लाइनवरच उलटी झाली. सिरपच्या वासाने. मॅडमने लगेच कप दिला. पुन्हा उघडं दार. या वेळी दोन रेघा.

"मागच्या वेळी कोणाचं दिलं होतंस?"

"माझंच."

"खोटं बोलू नकोस. शिळ्या मासळीला बर्फ लावून ताजी म्हणून विकता, तेच इथे चालवलंस."

मी बाळकुमची कोळीण. सुपरवायझर हसला. ज्यांच्याबरोबर मी डबा खायचे त्या बायकांनी माना खाली घातल्या. आणि खरं सांगते, मलाही वाटलं, मीच चोर आहे. पाणी प्यायलेले ना.

मॅडमने कागद टाइप करून घेतला. 'घरगुती कारणामुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' म्हणाली, "उद्या येऊन सही कर. नाहीतर तू फसवलंस असं सगळीकडे कळवीन. ठाण्यात एक कंपनी तुला दारात उभी करणार नाही."

मी कुठे जाणार होते? कंपन्यांच्या घाण पाण्याने खाडीत मासळी उरली नव्हती, नवऱ्याची होडी महिना महिना बांधलेली. म्हणून तर मी कंपनीत गेलेले. सही केली तर गेले, नाही केली तरी गेले. उठताना मॅडमच्या टेबलाखाली पट्टीच्या खोक्यातला कागद पडलेला दिसला. हात सवयीने खाली गेला. चार घड्या घालून मी तो कमरेला खोचला.

घरी आल्यावर चुलीपाशी बसून रडले. सासू बाजारातून आलेली. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बरफान ठेवलेली मासली पन ताजीच असते गो. त्या कागदान काय लिवलाय ता वाच."

सातवी शिकलेली मी. हिंदीतला मजकूर बोट ठेवून वाचला. तपासणी पाळी चुकल्यावर करावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी. फार आधी केली तर दिवस गेलेले असूनही एकच रेघ येऊ शकते, काही दिवसांनी पुन्हा करावी.

मी बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस आधी. पाणी न पिता केली असती तरी तेव्हा बहुधा दुसरी रेघ उमटली नसती. मलाच ठाऊक नव्हतं, तर फसवणार कोणाला? मला इतका राग आला की रडू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर कागद उलगडून ठेवला आणि मोठ्याने वाचला.

"तू मला शिकवणार?"

"तुमच्याच खोक्यातला आहे. तुम्ही टाकलात, मी वाचला."

"सही कर."

"नाही. मी स्वखुशीने जात नाहीये. तुम्ही काढताय, तसं लिहा."

वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं. नोकरी गेली ती गेलीच. दुसऱ्या कंपनीतही घेतलं नाही. मॅडमने शब्द पाळला.

पुढच्या भरतीच्या दिवशी मला सातवा महिना होता. गेटसमोर जमिनीवर बसले, कागद मांडीवर. येणाऱ्या प्रत्येकीला थांबवून सांगितलं. पाणी ढोसू नका. पाळी चुकली की मग करा, सकाळची पहिली, आपल्या घरात, कडी लावून. आणि काय निघालं ते कोणाला सांगायचं, हे तुम्ही ठरवा. आत कप घेऊच नका.

मॅडम गेटवर आली. "उठतेस, की पोलीस बोलावू?"

"बोलवा," मी म्हटलं. "त्यांनाही वाचून दाखवते."

दोघी माझ्या शेजारी बसल्या. बाकीच्या आत गेल्या. पुढच्या भरतीला मी पोर कडेवर घेऊन येणार होते.