जडकाकांची नळी

समोरच्याचा नमस्कार घेण्याआधी त्याची रायफल हातावर तोलून बघणारा माणूस मी एकच पाहिला. हलकी निघाली की परत देताना म्हणायचे, "हे काय बाप्पा, चुलीची फुंकणी?" त्यावरून आमच्या रायफल क्लबात त्यांचं नाव जडकाका पडलं. राहायला कारखान्याच्या वसाहतीत, रुआबांध्यात. पोलाद कारखान्यात लेथवर, पोलाद लाटायच्या रोलांना खाचा पाडण्यात त्यांची सगळी हयात गेली. उभं राहून नेम धरायला मला त्यांनीच शिकवलं.

फ्लूटेड बॅरल, म्हणजे बाहेरून लांब खाचा पाडलेली नळी, हा त्यांचा रविवारचा विषय. सराव संपून चहा आला की कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचं. खाचांनी वजन उतरतं, नळी लवकर निवते, तेवढ्याच वजनाच्या बारीक नळीपेक्षा ताठही राहते, हे सगळं काका इमानदारीनं कबूल करायचे. मग हळूच म्हणायचे, "पण अख्ख्या जाड नळीची सर तिले येते का? अन् लोखंड कापलं का त्याच्या आतला ताण जागा होते. चांगली नळी कावून बिघडवता?" जन्मभर खाचा पाडणारा माणूस खाचांना एवढा भितो, म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली.

पुढे त्यांचा डावा खांदा गेला. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली. दिवाळीनंतर वयस्करांची स्पर्धा होती आणि ती उभ्यानंच पुरी करायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. टेबलावर टेकवून मारा, असं मी सुचवलं तर रागावले. "मंग टेबलच मारते ना. मी काय केलं?"

शेवटी परवानाधारक कारागिराकडे जाऊन त्यांनी आपल्या रायफलच्या जाड नळीलाच खाचा पाडून घेतल्या. काकू मला म्हणाल्या, "रायफल येईपर्यंत धड जेवले नाहीत. जसं काही पोरीचं ऑपरेशन होतं."

रायफल आता उचलता येत होती. पण पूर्वी लक्ष्यावर ठाण मांडून बसणारी नळी श्वासासरशी हलायला लागली. जे वजन त्यांना पेलवत नव्हतं, तेच इतकी वर्षं त्यांचा हात थांबवत होतं. गोळ्या कागदभर पसरल्या. मी खाचांना नावं ठेवली.

"नाही पोरी," काका म्हणाले, "काम बराबर झालं हाय. मीच थकून राहिलो."

स्पर्धेत ते मधेच खांदा धरून थांबले. मी खुर्ची पुढे सरकवली, तर मानेनंच नको म्हणाले. वाईट वाटत होतं, पण त्यांना अडवायची माझी छाती झाली नाही. बाकीचे रायफली पेटीत ठेवून बसले, तरी काका उभेच होते. शेवटची गोळी सुटली. नंबरही शेवटचाच आला, पण त्यांनी तो विचारलासुद्धा नाही. रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दे तुही खुर्ची."

सावकाश बसले. त्यानंतर ते रायफल घेऊन उभे राहिलेले मी कधी पाहिले नाहीत.