नसरीन मॅडमचे हात

खांदा धरून आलेल्या माणसाला नसरीन मॅडम ‘कुठे दुखतं’ असं आधी कधीच विचारत नसत. खुर्ची पुढे सरकवत म्हणायच्या, “दुखते कुठं ते मंग पाहू. आधी सांगा, त्याच्यापायी काय करता येऊन नाई राह्यलं?” मग कुणी सांगे, सदरा काढायला बायकोला हाक मारावी लागते. कुणी सांगे, फळीवरचा डबा निघत नाही. एक आजी म्हणाल्या होत्या, “नातीची वेणी घालता येत नाई व माय.” मॅडमनी ते त्यांच्या कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. मला म्हणाल्या, “हात किती वर गेला हे माह्यासाठी. वेणी झाली का नाई, हे तिच्यासाठी. दोन्ही पाहा लागते.”

मी सांगितलं होतं, “शिरोरेघ ओढता येत नाही.”

मी उंद्रीचा पेंटर. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या, पण शाळांच्या भिंती अजून हातानेच रंगतात. नकाशे, बाराखडी, फुलं, पक्षी. शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर एका दमात आडवी रेघ ओढायची, तर उजव्या खांद्यात सुरी फिरल्यासारखी कळ यायची. रेघ मध्येच वाकायची. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या, तेलं झाली. कुणी सांगितलं सुई घे, कुणी सांगितलं ऑपरेशनशिवाय सुटका नाही. दुसरं कुठलं काम मला येत नव्हतं, म्हणून मी घाबरलो होतो. तशात कुणीतरी चिखलीच्या नसरीन मॅडमचं नाव सांगितलं. एका दवाखान्यात त्या फिजिओथेरपीचा विभाग पाहत. “त्यांच्या हाताला बरकत आहे,” असं पंचक्रोशीत बोललं जाई. त्यांनी खांदा दाबून, हलवून दिला की माणूस हलका होऊन उठतो म्हणे.

मी त्या हातांसाठीच गेलो होतो. पण तेव्हा त्यांचा खांदेदुखीवर एक अभ्यास चालू होता. माझा खांदा नीट तपासून त्यांनी मला अभ्यास समजावून सांगितला. माझ्यासारख्या दुखण्याच्या लोकांचे दोन गट. एका गटाला व्यायाम, शिवाय दर आठवड्याला येऊन मॅडमच्या हातून उपचार. दुसऱ्या गटाला तोच व्यायाम एकदा नीट शिकवून घरी पाठवायचं आणि मधूनमधून फोनवर विचारपूस. कोण कुठल्या गटात, हे बंद चिठ्ठीवर ठरणार.

“यातलं चांगलं कोणतं?” मी विचारलं.

“ते मलेच माईत नाई. माईत असतं तं अभ्यास कायले केला असता? पटत नसंन तं नाई म्हणा. तरी इलाज करूनच देईन.”

मी हो म्हणालो आणि माझी चिठ्ठी निघाली घरच्या व्यायामाची. मला फसल्यासारखं झालं. तसाच उलट पावली त्यांच्याकडे गेलो. “मॅडम, पाहिजे तर तुमच्या भिंती फुकट रंगवून देतो, पण मला हातवाल्या गटात टाका.”

त्या रागावल्या नाहीत. “पेंटरभाऊ, तुमची एक चिठ्ठी फिरवली तं सगळ्याइच्याच चिठ्ठ्या खोट्या होतात. मंग हे इतले लोक काऊन येऊन राह्यले?” असं म्हणून त्यांनी रबराची पट्टी माझ्या हातात दिली, तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि मला व्यायाम शिकवला. मी घाईघाईने ओढू लागलो की थांबवायच्या. “हळू. रंगाचा दुसरा हात मारता ना, तसं.” कितपत दुखलेलं चालेल, कुठे थांबायचं, हे मला पाठ होईपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

घरी पहिले काही आठवडे मी नाराजीनेच ती पट्टी ओढली. मॅडमचा फोन यायचा. “थोडं बरं वाटतंय,” असं मी म्हटलं की ठरलेला प्रश्न, “वाटून राह्यलं का दिसून राह्यलं?” म्हणजे काय करता आलं ते सांगा. एकदा मी सांगितलं, “काल अंगणातल्या दोरीवर चादर टाकली, उजव्या हाताने.” फोनवरच त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारी बसलेल्या माझ्या बायकोलाही ऐकू आलं.

दर काही दिवसांनी खांदा मोजायला चिखलीला जावं लागे. मोजणारे डॉक्टर वेगळे होते. गट कळला तर मोजणारा नकळत एका बाजूला झुकतो, म्हणून त्यांना आमचा गट सांगायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तिथल्या बाकावर संग्रामपूरच्या शांताबाई भेटायच्या. मजुरीवर जाणाऱ्या, हातवाल्या गटातल्या. दर आठवड्याला बस बदलत यायच्या. “मॅडम दाबून देते तं लय सुख लागते भाऊ,” त्या म्हणायच्या, “पण जाता जाता बसच्या धक्क्यानं अर्धं रस्त्यातच सांडते.” एकदा त्या मोजणाऱ्या डॉक्टरांसमोरच बोलून गेल्या, “मॅडमचा हात लागला का मले झोप येते!” झालं. पुढच्या वेळेपासून मॅडमनी शांताबाईंच्या मोजणीला दुसराच माणूस आणून बसवला.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. लोणारला त्यांचे अब्बा गाद्या भरायचे. त्यांचा खांदा आखडला. नमाजाला उभं राहिलं की एकच हात कानापर्यंत जाई, दुसरा छातीशीच अडायचा. जो तो आपला इलाज छातीठोकपणे सांगे. एकाने तर हात धरून जोराने ओढला आणि होती ती हालचालही गेली. “सगळ्याइले पक्कं ठाऊक होतं,” मॅडम म्हणाल्या, “पण कोनंच पाह्यलं नोतं का यानं खरंच फरक पडते का. अब्बा तसेच गेले.”

अभ्यास संपला, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना दवाखान्याच्या हॉलमध्ये बोलावलं. खांदे आमचे, तर निकाल छापून येण्याआधी आम्ही ऐकायचा, असं त्यांचं म्हणणं. माझा हात तोवर वर जाऊ लागला होता. चहा झाला. मॅडम उभ्या राहिल्या, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, “दोन्ही गट बरे झाले. सारखेच झाले. माह्या हातानं जास्तीचं काई झालं नाई.”

मेहकरकडचे एक काका उठलेच. “असं कसं मॅडम? मले तं तुमच्याच हातानं आराम पडला.”

“आराम पडला हे खरं हाय काका. पण ज्याइले मी हात नाई लावला, तेबी तितलेच बरे झाले. व्यायामानं झालं. तुमी केलं म्हणून झालं.”

लोक पांगल्यावर मी मागे थांबलो. त्या एकट्याच कप गोळा करत होत्या. मी विचारलं, “मॅडम, वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. आकडे हाती आले त्या दिवशी घरी जाऊन रडली मी. इतले वर्सं लोक या हाताइसाठी आले, मलेबी वाटे का आपल्या हातात काई हाय. एक मोठे डॉक्टर म्हणे, आकडे अजून इकडून तिकडून पाहा, तुमच्या बाजूचं काईतरी निघंन. तसं शोधलं तं निघतेच भाऊ.” त्यांनी कप खाली ठेवले. “पण मंग शांताबाई डोळ्यापुढं आली. तिची मजुरी बुडवून मी तिले दर आठवड्याले बसमधी आदळत आणून राह्यली होती. आता नाई आणा लागत. हे काई लहान हाय का?”

त्यानंतर त्यांच्या दारातली गर्दी ओसरली. ज्याला घरी करता येतं त्याला त्या घरीच पाठवत. ज्यांना खरंच सुईची किंवा ऑपरेशनची गरज असे, त्यांना तसं सांगत. सुट्टीच्या दिवशी स्वतः बसने संग्रामपूरला, लोणारला, आमच्या उंद्रीला जायच्या आणि बायकांना मंदिराच्या नाहीतर दर्ग्याच्या ओट्यावर बसवून व्यायाम शिकवायच्या. मी त्या वर्षी तीन शाळा रंगवल्या. नंतर विदर्भाबाहेरच्या एका कॉलेजात शिकवायला बोलावणं आलं, आणि त्या गेल्या. निरोपाला मी पेढे नेले होते. त्यांनी एक पेढा मोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

मागच्या महिन्यात खालच्या आळीतून जात होतो. एका घराच्या भिंतीशी सासू उभी होती आणि सून तिला सांगत होती, बोटं अशी हळूहळू वर चालवत न्या, कळ आली का थांबा, श्वास घ्या, मग पुन्हा. मी थांबून विचारलं, हे कुणी शिकवलं? सून म्हणाली, माझ्या जावेने. जावेला? तिच्या आईने. त्याच्या पुढचं तिला ठाऊक नव्हतं.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्या दोघींना नसरीन मॅडमबद्दल सांगू लागलो.