दोन टोकांच्या शेजारणी

मी गाव सोडलं त्या सकाळी मला पोचवायला आई-बाबा गावाच्या वरच्या टोकाकडून माझ्याबरोबर चालत आले, आणि आमची जुनी शेजारीण कांताकाकू खालच्या टोकाकडून एकटी, धापा टाकत. थांब्यावर पाटी नव्हती. गावच नवं, पाटी कुठून असणार? कंडक्टर आम्हांला ‘पूरवाले’ म्हणायचा. मी नर्सिंगच्या कोर्सला पुण्याला निघाले होते. आई म्हणाली, “पोहोचली का पत्र टाकजो.” काकू म्हणाली, “दोन टाकजो वं. तुह्या मायच्या घरचं पत्र वाचाले मले गावभर चालत या लागते.” दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. मला खिडकीची जागा मिळाली होती, म्हणून मी खुशीत. अठरा वर्षांच्या पोरीला अक्कल ती कितीशी असणार.

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे नागपूर, सुरत, पुण्याला पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्हांला सगळं ठाऊकच आहे. पण आपली पोरं विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही, तुमचं काय होतं कोण जाणे.

जुनं गाव वर्धा नदीच्या अगदी काठावर होतं. रोहण्याच्या बाजारातून परतताना आधी नदी दिसायची, मग गाव. आमचं आणि काकूचं घर एकमेकांना चिकटून. मधली मातीची भिंत सामाईक, आणि तिच्यात चुलीच्या उंचीवर वीतभर झरोका. त्यातून मीठ जायचं, विस्तव जायचा, भाजीची वाटी जायची. वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम. त्यामुळे देणं-घेणं कधी संपायचंच नाही. बाबांचं छोटं किराणा दुकान होतं, काका शेती करायचे. दोघांचं फारसं बोलणं नसायचं, कारण त्यांच्या वाट्याचं दोघी बायका बोलून टाकायच्या.

पूर आपल्याला नवा नव्हता, तीच तर आपली चूक झाली. पाणी चढलं की बायका नदीची ओटी भरायच्या, नदी मागे फिरायची, नि लोक जेवायला घरी जायचे. त्या दिवशीही आई आणि काकू खण-नारळ घेऊन काठावर गेल्या. सगळ्यांचे डोळे नदीकडे, आणि पाणी आलं मागून, नाल्याने. नमस्कार करून मागे वळल्या तर गल्लीत गुडघाभर पाणी. काकूने मला बखोटीला धरलं, आईने काकूच्या दोन्ही पोरांना. कोण कोणाचं हे पाहायला वेळच नव्हता. आम्ही टेकाडावरच्या शाळेत पोचलो. तिथून मी आमची भिंत पडताना पाहिली. धूळ उडाली नाही, नुसती विरघळली. माझ्या वर्गातली सुनंदा आणि तिच्या घरचे सगळे गेले. हजेरीत तिच्यानंतर माझं नाव यायचं.

मग टिनाच्या शेडमधली वर्षं. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं. पण आई आणि काकूच्या मधे फक्त एक जुनं लुगडं टांगलेलं, म्हणून दोघींची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती उंचावर नवं गाव बसलं तेव्हा. प्लॉटांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या चिठ्ठ्यांनी आळ्या, वाडे, जाती, भांडणं, सगळं खिचडीसारखं कालवलं. आम्हांला मिळालं खालचं टोक, रस्त्याला लागून. काकूला मिळालं वरचं, विहिरीजवळ. आई दोन दिवस जेवली नाही. बाबा कधी नव्हे ते घाबरले, आणि कोणाला न सांगता वरच्या टोकाच्या एका माणसाशी प्लॉट बदलून आले. काकूला सांगितलं असतं तर तिने रस्त्याकडचा प्लॉट सोडू दिला नसता, दुकान चालणार कसं म्हणून भांडली असती. इकडे काकांनीही कोणाला न सांगता खालच्या टोकाच्या एकाशी बदल केला. आईला कळलं असतं तर तिने विहीर सोडू दिली नसती. एकाच दिवशी दोघे कागद घेऊन घरी आले. पुन्हा दोन टोकं, फक्त उलटी! असली अक्कल आमच्याच गावात पिकते. परत बदलायला गेले तर ते दोघे म्हणाले, “पायाची पूजा झाली आता. देवाले किती डाव उठवाव?”

आईने हसून हसून डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंबाडीच्या भाजीची वाटी पदराखाली धरून निघाली. तिसऱ्या दिवशी काकू आली. तेव्हापासून पाळी ठरली, आणि ती आजतागायत मोडलेली नाही.

मी पुण्यात राहिले. ड्यूटी, नाइट शिफ्ट, लग्न, मुलगा, हडपसरला फ्लॅट. लिफ्टमध्ये लोक आकडे बघत उभे राहतात, मीही बघते. दर मंगळवारी आईला फोन. तिचे गुडघे दुखायला लागले, काकूचे तर आधीच गेलेले, तरी चालणं चालूच. मग कळलं, काकूच्या शेजारचं घर विकायचं आहे, मालक मुलाकडे सिंदी मेघेला चालला आहे. मला वाटलं, आता आईचं ते जुनं दुःख आपण मिटवायचं. मी फोनवर सांगितलं, आपण ते घेऊ. आई म्हणाली, “तू ये आधी.”

मी गेले. दुपारी तिच्याबरोबर निघाले. दहा मिनिटांची वाट, आम्हांला सव्वा तास लागला. दर चार घरांना थांबा. काकूच्या घरी बसल्यावर आई म्हणाली, “मले शेजार पायजे होता तवा नाई भेटला. आता सारेच शेजारी झाले. त्याहिले सोडून कुठं जाऊ?” काकूने मान डोलावली. “नको घेऊ पोरी. हे बाजूले आली तं गावाच्या बातम्या मले कोन सांगीन?”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मनात बाळगलेली गोष्ट, आणि ती कोणाला नकोच होती.

परतताना वाटेतल्या विमलबाईच्या ओट्यावर आई टेकली. जुन्या गावात विमलबाईचं घर नाल्यापलीकडे, बौद्धवाड्यात. तिकडे आमच्या घरून तेव्हा कोणी कधी बसायला गेलं नव्हतं, आणि मी तिच्याशी दोन वाक्यंही बोलल्याचं आठवत नाही. तिने मला नीट न्याहाळलं.

“तुले तं आमी तुह्या मायच्या बातम्यातच पाह्यतो वं,” ती म्हणाली. “पोराचा खोकला गेला का? अडुळसा दिला होता का त्याले?”

खोकल्याचं मी फक्त आईला सांगितलं होतं, मंगळवारी, फोनवर. विमलबाईने सरकून जागा केली, आणि मी बसले.