स्वरमंडलातलं कंकण

पिल-सूनच्या पार्लरमध्ये केस कुरळे करून घ्यायचे, तर औषध मुरेपर्यंत गच्चीवर जाऊन आकाश बघायचं, असा त्या कोरियन खेड्यातल्या आज्यांचा शिरस्ताच पडला होता. बदली झालेल्या एका मास्तरांची जुनी दुर्बीण तिने घेतली होती आणि त्याच उन्हाळ्यापासून ती सगळ्यांना स्वरमंडल तारकासमूहातला कंकण तेजोमेघ दाखवत होती. चांगलं बांगडीएवढं, लखलखीत कंकण, मधोमध काळंभोर.

"म्हातारा तारा जाता जाता अंगावरचं वस्त्र टाकून गेला, ते हे," ती सांगायची. डोक्याला रंगीबेरंगी रोलर गुंडाळलेल्या आज्या एका सुरात "अगंबाई!" म्हणायच्या. पलीकडच्या गावच्या बायकाही बस धरून यायला लागल्या होत्या.

छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला तिचे जावई आले. जेवणं झाल्यावर तिने त्यांना हौसेने वर नेलं, वाळत घातलेल्या मिरच्यांमधून वाट काढत. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि मग मान वर केली.

"आई, रागावणार नाही ना?"

"का, दिसत नाही?"

"दिसतंय. पण हा तर अभिजित तारा आहे. हे फोकसचं चाक जरा फिरवा."

तिने चाक फिरवलं. बांगडीची अंगठी झाली, अंगठीचा मणी, मण्याची ठिणगी. नुसता तारा!

"चाक चुकलं की कुठलाही तारा असाच फुगतो," जावई चाचरत म्हणाले. "मधलं भोक म्हणजे दुर्बिणीतल्या छोट्या आरशाची सावली. पण कुणाला कळणार आहे, आई? दाखवत राहा."

"त्या माझ्या हातात डोकं देतात," पिल-सून म्हणाली, "डोळे मिटून."

खरं कंकण अभिजितच्या खालच्या दोन ताऱ्यांमध्ये होतं. काचेवर कुणी हलकेच श्वास सोडावा तेवढंच. सरळ बघितलं की गायब, नजर बाजूला नेली की हजर.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेनंतर तिने सगळ्या आज्यांना गच्चीवर बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे उन्हाळाभर आम्ही भोक बघत होतो?" जम-दान आजी म्हणाली. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

"आज खरं दाखवते, आजी."

एकेक आजी पुढे झाली. "काही नाही." "इथे तर अंधार आहे गं." "जुनंच बरं होतं!"

"सरळ नका बघू. बाजूला बघा."

"बाजूलाच बघायचं तर दुर्बीण कशाला?"

पिल-सूनचे कान तापले. पुन्हा कुणी आपल्या हातात डोकं देणार नाही, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी जम-दान आजीने डोळा लावला. मागून ओक-ह्वा आजी कुजबुजली, "मला आधीपासूनच संशय होता हो. मी तर आता बाजारपेठेतल्या पार्लरमध्येच जाणार."

जम-दान आजीने डोळा न हलवता बुबुळ तेवढं तिच्याकडे वळवलं. "तू गप्प गं! डोक्यावर केस उरलेत चार, आणि निघाली बाजार... अगंबाई! आलं! आलं!"

"काय आलं?"

"कंकण! गेलं. ए ओक-ह्वा, बोल ना काहीतरी, तुला शिव्या घालू दे!"

मग काय विचारता! डोळा दुर्बिणीला, नजर शेजारणीकडे आणि तोंडाचा पट्टा सुरू. कुणी नवऱ्याला धारेवर धरलं, कुणी सरपंचाला, कुणी भाव पाडणाऱ्या मिरचीच्या दलालाला, आणि प्रत्येकीला मधेच थांबून किंचाळावं लागलं. ओक-ह्वा आजीला इतकं हसू आलं, की ती जिन्याच्या कठड्याला धरून खालीच बसली.

"पिल-सून," जम-दान आजी डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या खेपेला माझ्यासोबत सुनेचेही केस कर. तिला शेजारी उभी कर फक्त. मला अख्खं स्वरमंडल दिसेल बघ!"