भरिताच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो

मुलांनो, परवा नानांनी पाठवलेला कॉलनीच्या मैदानाचा फोटो पाहून तुम्ही दोघांनी टाळ्या पाठवल्यात. हातात पोती घेतलेली शाळकरी मुलं आणि मध्ये नाना. "आजी, भारीच!" असं धाकटीनं लिहिलं. तुम्ही दूर आहात, फोटोवरच विश्वास ठेवणार. म्हणून तो कसा निघाला ते आजच सांगते.

नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे जुने मित्र आणि आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. पावसाळा संपल्यावर आम्ही दोघं जवळच्या शाळेत गेलो. मी मुलांना ओला आणि सुका कचरा समजावला, नानांनी स्वच्छतेची शपथ दिली. एका मुलीनं विचारलं, "मोठी माणसं पण घेणार का शपथ?" नानांनी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवला. "कॉलनीच्या वतीनं मी घेतली," म्हणाले. मुलं खूश झाली. दर शनिवारी सकाळी येऊन मैदान झाडू लागली.

थंडीत नानांचे व्याही धुळ्याहून आले. शुक्रवारी मैदानात भरीत-पार्टी ठरली. मी यावलच्या भाचीकडून एसटीनं केळीची पानं मागवली, धुऊन, पुसून नानांकडे पोचवली. संध्याकाळी जाऊन पाहते तर पंगतीत प्लास्टिकच्या चकचकीत प्लेटा, आणि माझी पानं भाजलेल्या वांग्यांखाली अंथरलेली.

"नाना, हे काय?"

"व्याही पहिल्यांदाच आलेत अक्का, पानावर काय वाढायचं!" आणि मला गोड लावायचं असलं की ते अहिराणीत शिरतात, तसे शिरले, "एक दिवसनी गोट शे. सकाळी बठ्ठं साफ करी टाकसूत."

सकाळी सगळं साफ करू, या त्यांच्या शब्दावर मी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाल्ली आणि घरी आले.

सकाळी मैदानात प्लेटा वाऱ्यावर उडत होत्या, कुत्री वांग्याची सालं ओढत होती. मोठं माणूस एकही नाही. मुलं मात्र पोती घेऊन वेळेवर हजर. नाना चहाचा कप घेऊन गच्चीत उभे होते.

"नाना, तुम्ही साफ करणार होतात ना?"

"अहो, आज शनिवार. पोरं येणारच होती की!"

म्हणजे आदल्या संध्याकाळी मला शब्द देतानाच त्यांनी मुलांना हिशेबात धरलं होतं.

शपथेचं विचारणारी ती मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "हे तुम्ही उचलायचं नाही. घरी जा." तेवढ्यात नाना खाली आले, मुलांना गोळा करून मध्ये उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. तोच तुम्ही पाहिलात.

मुलं गेल्यावर प्लेटा मी उचलल्या. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. शाळेत गेले, तर बाई म्हणाल्या, "मुलंच नको म्हणतात हो, आजी." मुलांना मीही नानांच्याच बाजूची वाटत असणार. नानांकडे चहाला जाणं मी बंद केलंय.

मैदानात पुन्हा कचरा पडतो. माझ्या फाटकापासून कडुलिंबापर्यंतचा भाग मी रोज सकाळी झाडते. तेवढा स्वच्छ आहे.