साडूंनी मुके केलेले गुरुजी

जी वस्तू ज्यासाठी बनवली तिथंच ती वापरली, तर आमच्या साडूंना अन्न गोड लागत नाही. कळंबला त्यांच्या घरी एका मिक्सरवर भलत्याच मिक्सरचं भांडं फिरतं, मोपेडला ट्रॅक्टरचा दिवा आहे, आणि कुकरच्या झाकणाबद्दल तर विचारूच नका; शिट्टी व्हायच्या आत माझी मेहुणी अंगणात पळते. वर आम्हालाच सुनावतात, "ज्याचं त्याला कुणीबी बसवतंय. दुसऱ्याचं बसवून दाखवा!"

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण दिवाळीत कळंबजवळच्या वाशीला आमच्याकडं आले आणि मला न विचारता त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं. "जुनं मशीन हाय, आता पळंल बघा." पळालं खरं, पण आबांचे गुरुजी घेऊन. काचबिंदूनं माझ्या वडिलांची, आबांची, नजर गेल्यापासून विंडोजवरचा एक प्रोग्राम त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचा. त्या आवाजाला आबा 'गुरुजी' म्हणायचे. लिनक्सवर दुसरा आवाज होता, पण तो निधनवार्तासुद्धा निवडणुकीच्या रिक्षासारखा ओरडून वाचायचा. आबांनी दोन दिवस ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले. "पेपर नको मला," एवढंच म्हणाले.

"विंडोज परत टाका हो," मी साडूंना हात जोडले. त्यांचा चेहरा उलट खुलला. "कशाला? तोच प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवतो की! प्रोग्रामला वाटलं पायजे, आपण आपल्याच घरात हावोत."

पहिल्या रविवारी प्रोग्राम उघडला, पण गुरुजी मुके. दुसऱ्या रविवारी ते फक्त आकडे वाचायला लागले. माझा संयम सुटला. "अहो, माणूस बोलायचा थांबलाय इथं, आणि तुमचे प्रयोग कसले!" गावातला कॉम्प्युटरवाला बोलावणारच होतो, तेवढ्यात मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, आणखी एक रविवार द्या हो, नायतर हे घरी येऊन माझा फ्रीज खोलतील."

तिसऱ्या रविवारी गुरुजी बोलले. पण काय सांगू! इतके सावकाश, की मयताचं नाव पुरं होईपर्यंत माझा चहा गार झाला. साडू खजील झाले. "जरा दमानं चालायलंय. थांबा, वेग वाढवतो."

आबा उठून बसले होते. "पाव्हणं, हात लावू नका त्याला. आधी लई घाईत वाचायचा, निम्मं कळायचं न्हाय. पोरगं रोज लावून देतंय म्हणून म्या नुसतं व्हय व्हय करायचो."

साडू माझ्याकडं बघायला लागले. दोन वर्षं रोज सकाळी ते यंत्र सुरू करून मी कामाला निघून जात होतो. आबा, कळतंय का, असं एकदाही विचारलं नव्हतं.